पापणी न लवणारी माणसं

सिनेमातला यंत्रमानव बहुतेक वेळा हाडामांसाचा माणूसच असतो, आणि पाहताना आपण ते साफ विसरतो. 1927 सालच्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटात मारिया नावाच्या मुलीचं रूप एका यंत्राला दिलं जातं. खरी मारिया आणि यंत्र-मारिया, दोन्ही भूमिका ब्रिगिटे हेल्म या एकाच अभिनेत्रीने केल्या. चेहरा तोच, शरीर तेच. तरीही यंत्र-मारिया पडद्यावर आली की ती कोण हे सांगावं लागत नाही. मान झटक्यासरशी वळते, एक डोळा अर्धवट मिटलेला राहतो. मी ते प्रसंग थांबवून थांबवून पाहिले आहेत. समोर जिवंत बाई आहे हे पक्कं माहीत असताना दर वेळी अंगावर काटा येतो.

हेल्मने स्वतःमधून नेमकं काय वजा केलं असेल?

माणूस मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापण्या मिटतो. श्वासाबरोबर खांदे किंचित वरखाली होतात. उभं राहिलं तरी शरीर डुलत असतं, नजर एका जागी ठरत नाही. यातलं काहीच आपण जाणूनबुजून टिपत नाही, पण नाहीसं झालं की लगेच खटकतं.

या खटकण्याचा माग मेंदूत काढता येतो. आयशे सायगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रयोगात लोकांना तीन प्रकारच्या चित्रफिती दाखवल्या आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. एका फितीत खरी स्त्री होती. दुसरीत तिच्यासारखा हुबेहूब दिसणारा, जपानमध्ये बनवलेला यंत्रमानव होता. तिसरीत तोच यंत्रमानव, पण कातडं उतरवून तारा आणि धातू उघडे केलेला. तिघंही हात हलवत होते, पाणी पीत होते, कागद उचलत होते. माणसासारखं दिसून माणसासारखं हालणाऱ्या स्त्रीबद्दल मेंदूची तक्रार नव्हती, यंत्रासारखं दिसून यंत्रासारखं हालणाऱ्या सांगाड्याबद्दलही नव्हती. मधल्या फितीच्या वेळी मात्र, रूप माणसाचं आणि हालचाल यंत्राची असताना, मेंदूच्या काही भागांतली प्रतिक्रिया ठळकपणे वेगळी दिसली. त्याचा एक अर्थ असा लावला जातो: मेंदू पुढची हालचाल आधीच गृहीत धरून बसलेला असतो आणि तो अंदाज चुकला की त्याची धांदल उडते.

जपानी अभियंते मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्येच हे ओळखलं होतं. यंत्र माणसासारखं होत जातं तसतसं ते आवडू लागतं, पण अगदी जवळ पोचल्यावर ती आवड एकदम कोसळते. त्या घसरणीला त्यांनी दरी म्हटलं. त्यांचं उदाहरण कृत्रिम हाताचं होतं. दिसायला खरा, म्हणून आपण हस्तांदोलन करायला जातो, आणि मुठीत येतो हाडं नसल्यासारखा, थंडगार हात.

तत्त्वज्ञांना हा संशय जुना आहे. देकार्तने 1641 मध्ये लिहिलं, की खिडकीतून रस्त्यावर मला दिसतात ते टोप्या आणि झगे. त्यांच्याखाली आपोआप चालणारी यंत्रंही असू शकतील. ती माणसं आहेत हे मी ठरवतो. मला हे फार मोलाचं वाटतं. दुसऱ्याचं मन कुणीच पाहिलेलं नसतं. आपण रोज शेकडो वेळा तो निवाडा करतो आणि निवाडा केला हे आपल्या गावीही नसतं. हुबेहूब बाहुली समोर आली की मात्र तो अडखळतो. मनोविकारतज्ज्ञ अर्न्स्ट येंच याने 1906 साली भयचकित करणाऱ्या अनुभवांचा विचार करताना याच अडखळण्यावर बोट ठेवलं होतं: समोरची वस्तू सजीव की निर्जीव, हे न कळणं.

येंचचा दाखला होता जर्मन लेखक होफमान. त्याच्या ‘वाळूवाला’ या कथेत एक तरुण ऑलिंपियाच्या प्रेमात पडतो. ती ठेका न चुकता नाचते, उत्तरादाखल नुसती “आहा, आहा” म्हणते, आणि शेवटी ती लाकडी बाहुली निघते. त्यानंतरचा तपशील मला मूळ प्रसंगापेक्षाही अस्वस्थ करतो. गावातले प्रियकर आपापल्या प्रेयसींकडे हट्ट धरतात, की गाताना-नाचताना जरा ताल चुकव, म्हणजे तू खरी आहेस याची खात्री पटेल. दोनशे वर्षांपूर्वीच चूक हा जिवंतपणाचा दाखला झाला होता.

‘एक्स माकिना’ या चित्रपटात हा संशय पार उलटून आत शिरतो. अ‍ॅलिसिया विकांदर ही बॅले शिकलेली अभिनेत्री यंत्रस्त्री एव्हाच्या हालचाली इतक्या नेमक्या ठेवते की त्या नेमकेपणानेच शंका येते. तिची परीक्षा घ्यायला आलेला केलब तिला दिवसेंदिवस निरखत राहतो. एका रात्री तो आरशासमोर उभा राहतो, तोंडात बोट घालून दात चाचपतो, डोळ्याची पापणी खाली ओढून आत बघतो, आणि मग हातावर पातं ओढतो. रक्त येतं. ते तो काचेवर फासतो आणि तरीही आरशाकडे बघत राहतो.