ध्वनिसंदेशांचे जतन व रूपांतर

ध्वनिसंदेशांचे जतन व रूपांतर : स्मार्टफोनवर आलेला बोलका निरोप, मग तो व्हॉइसमेल असो की व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज, संगणकावर उतरवून घेणे आणि गरज पडल्यास त्या ध्वनिफाइलचा प्रकार बदलणे. ही दोन वेगळी कामे आहेत. जतनात फाइल जशी आली तशीच राहावी लागते. रूपांतरात ती बदलतेच. लोक दोन्ही एका दमात उरकतात आणि मूळ फाइल पुसून टाकतात, तिथे बहुतेक नुकसान होते. प्रस्तुत नोंदीत इंदूरच्या मराठी कुटुंबांचा व्यवहार समोर ठेवून या कामाची माहिती दिली आहे.

होळकरांच्या काळापासून इंदुरात वसलेल्या मराठी घरांची आजची स्थिती साधारण अशी दिसते : आजी-आजोबा रामबाग, लोकमान्यनगर किंवा राजेंद्रनगरात, मुले पुण्या-बंगळूरला, एखादी नात अमेरिकेत. पत्रे केव्हाच थांबली. टाइप करायचा कंटाळा आणि देवनागरी कळफलकाशी न जमलेले सूत यांमुळे ज्येष्ठ मंडळी माइकचे चिन्ह दाबून बोलतात. हिंदी आणि माळवीची मिसळण असलेली इंदुरी मराठी लिहिताना लोक सावरून ‘शुद्ध’ करतात. बोलताना तसे करत नाहीत. त्यामुळे घरगुती बोलीचा खरा नमुना हवा असेल, तर तो आज कुठल्या ग्रंथालयात नव्हे, या कुटुंबांच्या फोनमध्ये सापडतो.

व्हॉइसमेल व व्हॉइस मेसेज

व्हॉइसमेल ही अमेरिकेतली व्यवस्था. डॅलसच्या गॉर्डन मॅथ्यूज यांनी १९७९ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८३ मध्ये ते मिळाले. फोन उचलला नाही की कंपनीचे यंत्र निरोप नोंदवून ठेवते. पूर्वी तो ऐकायला ठराविक क्रमांक फिरवावा लागे. २००७ मध्ये आयफोनबरोबर निरोपांची यादी पडद्यावर दिसू लागली आणि हवा तो निरोप थेट ऐकता येऊ लागला. भारतात ही सवय रुजली नाही. आपल्याकडे मिस्ड कॉल देणे पुरते आणि समोरचा उलट फोन करतो. तरीही इंदूरच्या घरांचा व्हॉइसमेलशी संबंध येतो तो असा : आजी न्यू जर्सीला फोन लावते, नातू कामात असतो, इंग्रजी सूचना संपून टूंऽऽ वाजते आणि आजी सांगून टाकते, ‘‘अरे, उचलत का नाहीस? बरं, जेवलास का?’’ हा मराठी निरोप मग परदेशी दूरध्वनी कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहतो. कंपन्या असे निरोप ठराविक मुदतीनंतर पुसतात. नातवाने कंपनी बदलली तर बहुधा त्याआधीच ते जातात.

व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज २०१३ मध्ये आला. त्याची फाइल घेणाऱ्याच्या फोनमध्ये येऊन बसते, म्हणून ती हाती लागायला सोपी असते आणि हरवायलाही. फोन पाण्यात पडला, ‘जागा रिकामी करा’ म्हणणाऱ्या सूचनेवर कोणी बोट ठेवले किंवा नवा फोन घेताना बॅकअप नीट उतरला नाही, की वर्षानुवर्षांचे आवाज जातात. गूगल ड्राइव्हवर बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहणे बरोबर नाही. तो बॅकअप व्हॉट्सॲप पुन्हा उभे करण्यासाठी असतो. त्यातली एखादी ध्वनिफाइल उघडून ऐकायची सोय त्यात नाही.

फोनमधून संगणकावर

आयफोनवर फोन ॲपमधील व्हॉइसमेलच्या यादीतला निरोप उघडला की शेअरचे चिन्ह दिसते. तिथून तो मेलने पाठवता येतो किंवा ‘फाइल्स’मध्ये साठवता येतो. पुसलेले निरोप काही काळ ‘डिलिटेड’च्या यादीत राहतात, तेव्हा गेला म्हणून हळहळण्याआधी तिथे पाहावे. अँड्रॉइडवरही ज्या फोन ॲपमध्ये निरोप पडद्यावर दिसतात, तिथे बहुधा पाठवण्याची सोय असते. गूगल व्हॉइस या गूगलच्या दूरध्वनी सेवेचे सगळे निरोप गूगल टेकआउट या आपली माहिती उतरवून घेण्याच्या सोयीतून एकगठ्ठा उतरवता येतात.

व्हॉट्सॲपसाठी अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडणे सर्वांत खात्रीचे. जोडल्यावर फोन नुसता चार्ज होऊ लागतो. वरून खाली ओढलेल्या सूचनापट्टीत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते. तेही दिसत नसेल तर दोष बहुधा केबलीचा असतो, कारण काही स्वस्त केबलींत विजेच्याच तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. जेल रोडच्या मोबाइल बाजारात केबल घेताना ‘डेटावाली’ असे स्पष्ट सांगून घ्यावी. पुढे फोनच्या अंतर्गत साठ्यात अँड्रॉइड, मीडिया, व्हॉट्सॲपचे फोल्डर, पुन्हा मीडिया आणि शेवटी ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’ अशी वाट आहे. आत वर्ष आणि त्या वर्षातला आठवडा यांच्या आकड्यांनी ओळखायचे छोटे फोल्डर असतात. सगळे फोल्डर जसेच्या तसे उचलून संगणकावर ठेवावे. निवडानिवड नंतर करावी.

एक अडचण मात्र इथे उभी राहते. फाइलच्या नावात तारीख आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक असतो, बोलणाऱ्याचे नाव नसते. शेकडो फाइली हाती येतात आणि कोणती आत्याची, कोणती दूधवाल्याची, हे प्रत्येक ऐकल्याशिवाय कळत नाही. यावर चांगला उपाय व्हॉट्सॲपमध्येच आहे : त्या व्यक्तीच्या चॅटमध्ये जाऊन ‘एक्सपोर्ट चॅट’ निवडावे आणि माध्यमांसह पाठवावे. यातून फाइलींसोबत एक साधी मजकूरफाइल मिळते. तिच्यात कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता कोणती फाइल पाठवली हे ओळीने लिहिलेले असते. आगेमागे झालेला लेखी संवादही त्यातच येतो, आणि ‘‘हो, तेच म्हणतेय मी’’ एवढाच निरोप असेल तर त्या संवादाशिवाय त्याला अर्थ नसतो. फार जुन्या, लांबलचक चॅटमध्ये सगळी माध्यमे येतीलच असे नाही. म्हणून केबलची प्रत आणि एक्सपोर्ट ही दोन्ही असावीत. एखाददुसराच निरोप हवा असेल तर संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडून तिथून डाउनलोड करणे पुरे.

काहीच साधत नसेल, उदाहरणार्थ क्रमांक फिरवूनच ऐकता येणारा जुन्या पद्धतीचा व्हॉइसमेल असेल, तर फोनचा आवाज दुसऱ्या यंत्रावर रेकॉर्ड करावा. हेडफोनच्या खाचेतून केबलने संगणकात घेतला तर खोलीतले आवाज मिसळत नाहीत. फोन स्पीकरवर टाकून शेजारी दुसरा फोन धरणे हा शेवटचा मार्ग, पण मुदत उद्या संपत असेल तर तोही पत्करावा. ‘एकदाच ऐका’ म्हणून पाठवलेला निरोप यांपैकी कोणत्याही फोल्डरात सापडत नाही. पाठवणाऱ्याची तशी इच्छा आहे, एवढे समजून तो सोडून द्यावा.

फाइलींचे प्रकार

व्हॉइसमेलच्या मुळाशी बहुधा एएमआर नावाचे कोडेक, म्हणजे आवाज कमी जागेत साठवण्याची पद्धत, असते. मोबाइलवरच्या बोलण्यासाठी ते १९९९ मध्ये प्रमाण ठरले. ते आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेते, सेकंदाला ४.७५ ते १२.२ किलोबिट एवढ्यात भागवते आणि साधारण २०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच कंपनसंख्येचा पट्टा ठेवते. ‘स’चा सणसणीतपणा बराचसा याच्या वर असतो. तो कापला गेल्याने फोनवरचा आवाज बोथट, डब्यातून आल्यासारखा वाटतो. याचा फायदा आकारात दिसतो : १२.२ किलोबिटने एका मिनिटाचा निरोप जेमतेम ९२ किलोबाइटांत बसतो. आयफोनवरून शेअर केलेला व्हॉइसमेल एमफोरए या वेष्टनात, म्हणजे फाइलप्रकारात, हाती येतो, पण वेष्टन बदलले म्हणून कापला गेलेला पट्टा परत येत नाही.

व्हॉट्सॲप ओपस वापरते. हे कोडेक २०१२ मध्ये इंटरनेटचे खुले प्रमाण म्हणून जाहीर झाले. सेकंदाला ६ ते ५१० किलोबिट एवढी त्याची मजल आहे, आणि कमी जागेत बोलणे स्वच्छ ठेवण्यात ते एएमआरच्या बरेच पुढे आहे. गाण्याचे मात्र सांभाळून. गुरूने व्हॉइस मेसेजवर पाठवलेली बंदिश शिकण्यापुरती ठीक असते. ओपस गाणेही उत्तम पेलते, पण व्हॉट्सॲप ते बोलण्याच्या बेताने, फार कमी किलोबिटांत वापरते. तानपुऱ्याची आस त्यात राहत नाही. गाणे पाठवायचेच तर आधी रेकॉर्डिंग करून ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, म्हणजे व्हॉट्सॲप तिला हात लावत नाही.

रूपांतराची वेळ का येते? कारण ओपस आणि एएमआर सगळीकडे वाजत नाहीत. आजोबांच्या पंचाहत्तरीला नातवंडांचे निरोप वाजवायचे ठरते, आणि साउंडवाला पेन ड्राइव्हवर एमपीथ्रीच मागतो. गाडीतला जुना प्लेयरही तेच मागतो. एमपीथ्रीचे प्रमाण १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचा परवाना कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला, आणि आज बहुतेक कोणतेही यंत्र ते वाजवते. एका वाहिनीचे (मोनो) ६४ किलोबिटचे एमपीथ्री बोलण्याला पुरेसे असते. मिनिटाला सुमारे ४८० किलोबाइट लागतात. ३२० किलोबिटचा आकडा निवडून कोणाचे काही भले होत नाही. पातळ झालेल्या ताकाचे दही होत नाही, तसे आधीच गाळलेल्या आवाजाला मोठ्या आकड्याने काही परत मिळत नाही. फाइल तेवढी फुगते. उलट एमपीथ्रीही आवाज गाळणारेच असल्याने प्रत्येक रूपांतरात आणखी थोडे जाते. म्हणून एमपीथ्रीवरून पुन्हा दुसरा प्रकार करू नये, दर वेळी मूळ फाइलीकडे जावे.

संपादन करायचे असेल तर वेव्हमध्ये उतरवावे. १९९१ पासूनचा हा प्रकार सहसा न दाबलेला आवाज साठवतो, त्यामुळे त्यात नवी गळती होत नाही. आकार मात्र वाढतो : ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक वाहिनी घेतल्यास मिनिटाला ५.७६ मेगाबाइट. फ्लॅक हा प्रकार तोच आवाज कमी जागेत आणि काही न गमावता ठेवतो.

साधने फुकट मिळतात. व्हीएलसी या प्लेयरच्या ‘कन्व्हर्ट’मध्ये एकेक फाइल बदलता येते. सबंध फोल्डर एका आज्ञेत बदलायचे तर एफएफएमपेग हे आज्ञा लिहून चालवायचे साधन. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची भीती एकदा गेली की त्याच्यासारखे दुसरे नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रणालीत आवाजाच्या लाटा डोळ्यांना दिसतात, कापाकापी सोपी जाते. एएमआर उघडायला तिला एफएफएमपेगची जोड द्यावी लागते. फाइलच्या नावातले शेवटचे ‘ओपस’ खोडून ‘एमपीथ्री’ लिहिणे म्हणजे रूपांतर नव्हे, आत काहीच बदलत नाही. फाइल चढवा आणि बदलून घ्या असे सांगणाऱ्या संकेतस्थळांवर घरातल्या आजारपणाचे, पैशांचे, भांडणांचे निरोप चढवू नयेत.

गोंगाट काढावा का? ऑडॅसिटीत निव्वळ गोंगाटाचा तुकडा निवडून तसा आवाज सगळीकडून वजा करता येतो. पंख्याची घरघर बरी निघते. जास्त ओढले की बोलणे पाण्याखालून आल्यासारखे होते. शिवाय मागे वाजणारी कुकरची शिटी, सकाळच्या कचरागाडीचे गाणे, ‘‘पोहे गार होतायत’’ ही स्वयंपाकघरातली हाक, हा त्या घराचा भाग आहे. पंचाहत्तरीच्या प्रतीतून ते काढायला हरकत नाही. जतनाच्या प्रतीतून काढू नये.

नावे व प्रती

नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग बोलणाऱ्याचे नाव, मग विषय असावा, म्हणजे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. ‘आई’ असे लिहू नये. कोणाची आई, हे पुढच्या पिढीला कळायला हवे. संगणकावर देवनागरी नावे बिनघोर चालतात, जुन्या प्लेयरवर त्यांच्या चौकटी होतात. वाजवायच्या प्रतींना साधे क्रमांक द्यावेत. मूळ फाइली वेगळ्या फोल्डरात ठेवून त्याला ‘केवळ वाचन’ (रीड-ओन्ली) करावे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा संगणकवाल्यांचा जुना नियम इथे सहज पाळता येतो, कारण दुसरे ठिकाण पुण्याला किंवा बंगळूरला असतेच. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरता; ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षे पडलेल्या पेन ड्राइव्हवर विसंबू नये.

कायद्याची बाजू

धमकी, व्यवहाराची कबुली किंवा वाटणीचे बोलणे निरोपात असेल तर तो पुरावा ठरू शकतो, आणि तेव्हा रूपांतराची घाई महागात पडते. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. पूर्वी हे भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब खाली होते. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते अनिवार्य असल्याचे सांगितले, मात्र मूळ साधनच न्यायालयात हजर केले तर त्याची गरज नाही असेही नमूद केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ६३ लागू आहे आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅशमूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बिटावरून काढलेली खूण. नाव बदलले तर ती बदलत नाही, पण ओपसचे एमपीथ्री केले की सर्वस्वी वेगळी येते. अशा निरोपाची मूळ फाइल उतरवून लगेच तिचे हॅश काढून ठेवावे, तो ज्या फोनवर आला तो फोन विकू वा रिसेट करू नये आणि चॅटमधून निरोप पुसू नये. वकिलाला ऐकवायला एमपीथ्री प्रत चालते.