पार्श्वभूमी : अब्दोलनासेर हेम्मती आणि ४२०० चा डॉलर

२ मार्च २०२५ रोजी इराणच्या संसदेने अर्थमंत्री अब्दोलनासेर हेम्मती यांना घरी पाठवले. हजर २७३ पैकी १८२ खासदार विरोधात गेले. तक्रार एकच, डॉलर. ते मंत्री झाले तेव्हा खुल्या बाजारात डॉलर ६ लाख रियालच्या आत होता, ठरावाच्या दिवशी ९ लाखांच्या पुढे. आता डॉलरचा भाव सांभाळणे हे मध्यवर्ती बँकेचे काम, अर्थमंत्र्याचे नव्हे. पण हेम्मतींच्या बाबतीत हे नेहमी असेच होत आले आहे. भाव ठरवतो एक आणि जाब त्यांना विचारला जातो.

त्यांचा जन्म १९५७ चा, हमदान प्रांतातला. अर्थशास्त्रातली डॉक्टरेट तेहरानची. सुरुवात सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या वृत्तविभागात, मग विमा नियामक संस्थेत बारा-एक वर्षे, मग बँका, त्यातली एक देशातली सर्वात मोठी सरकारी बँक. २०१८ मध्ये चीनला राजदूत म्हणून त्यांची निवड झाली होती. तिथे जम बसायच्या आतच जुलैत मध्यवर्ती बँकेची खुर्ची समोर आली.

त्या खुर्चीसोबत आली ४२०० ची भानगड, आणि ती नीट समजल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही.

आधी एक खुलासा. इराणची नोट रियालची, पण भाजीवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे बोलतात तोमानमध्ये. १० रियाल म्हणजे १ तोमान. तोमान कागदावरून जाऊन नव्वद वर्षे उलटून गेली, जिभेवरून गेला नाही. आणे १९५७ साली गेले तरी आपणही ‘सोळा आणे खरं’ म्हणतोच, फक्त आपण त्यात भाजी विकत घेत नाही. म्हणून ४२०० म्हणजे ४२,००० रियाल. बातम्या वाचताना एक शून्य इकडेतिकडे होते ते यामुळेच.

एप्रिल २०१८ मध्ये अमेरिका अणुकरार मोडणार हे दिसत होते आणि रियाल घसरत चालला होता. एका रात्री मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि उपराष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले, की यापुढे सगळ्यांसाठी डॉलर ४२०० तोमानला, इतर भावाने व्यवहार केला तर ती तस्करी. लोकांनी लगेच त्या डॉलरला त्या उपराष्ट्राध्यक्षांचेच नाव दिले. बाहेर भाव याहून बराच चढा, आत सरकार स्वस्तात वाटते आहे, मग झुंबड उडायचीच. कुणी स्वस्त डॉलरवर मोबाइल आणले आणि बाजारभावाने विकले. शेवटी एका मंत्र्याला आयातदारांची यादीच प्रसिद्ध करावी लागली.

हेम्मती आले तेव्हा खुला भाव १० हजार तोमानच्या आसपास होता. ऑगस्टमध्ये ४२०० चा दर फक्त गहू, तांदूळ, औषधे, पशुखाद्य अशा जीवनावश्यक मालापुरता ठेवला गेला. निर्यातदारांच्या डॉलरसाठी ‘नीमा’ नावाची वेगळी व्यवस्था आणि बंद पडलेली विनिमय दुकाने पुन्हा सुरू. म्हणजे एका डॉलरचे तीन भाव. हा तोडगा वाईटातला बरा होता, असे माझे मत. पण स्वस्त डॉलर राहिला तोवर गळतीही राहिली. २०२० मध्ये लेखापरीक्षकांनी सांगितले, की आदल्या एका वर्षात दिलेल्या डॉलरपैकी ४.८ अब्जांचा माल देशात आलाच नाही. हेम्मतींना हा आकडा मान्य नव्हता.

याच काळात भारताशी तेलाचा व्यवहार कोलकात्याच्या एका सरकारी बँकेतून रुपयांत चाले आणि त्या रुपयांतून बासमती, चहा, सोयापेंड इराणला जाई. मे २०१९ नंतर आपण तेल घेणे थांबवले आणि रुपयांचा तो साठा आटत गेला.

मे २०२१ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला आणि गव्हर्नरपद गेले. दूरचित्रवाणीवरच्या वादचर्चेत एक प्रतिस्पर्धी म्हणाला, की निवडून आलो तर यांना देशाबाहेर जाऊ देणार नाही. हेम्मतींनी दुसऱ्या एका उमेदवाराला, म्हणजे तेव्हाच्या सरन्यायाधीशांना विचारले, माझ्यावर खटला होणार नाही याची हमी देता का? प्रश्न नाटकी वाटतो, पण त्यांच्या आधीच्या गव्हर्नरवर तेव्हा खरोखरच खटला चालू होता. ऑक्टोबरमध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. हेम्मतींना २४ लाखांच्या आसपास मते मिळाली. बाद मते त्याहून जास्त होती.

४२०० चा दर मे २०२२ मध्ये बहुतेक मालावरून उठला. ‘नीमा’ डिसेंबर २०२४ पासून गुंडाळली जाऊ लागली, हेम्मती अर्थमंत्री असताना. तिच्या जागी आला ‘तवाफुकी’, म्हणजे सहमतीचा भाव. तो बाजाराच्या जवळ जाणारा, म्हणजेच चढा, आणि मार्चच्या ठरावात विरोधकांनी हेच धरले.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस डॉलर १४ लाख रियालच्या आसपास गेला, तेहरानच्या दुकानदारांनी शटर ओढले आणि तेव्हाच्या गव्हर्नरने राजीनामा दिला. त्या जागी सरकारने हेम्मतींनाच पुन्हा बोलावले.