बंद न होणारा एसी: रिमोट ऐकत नाही की ऊन?

"एसी बंदच होत नाही" असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, नेमकं काय बंद होत नाही?

रिमोटने बंद केल्यावर आतल्या युनिटचा पंखा थोडा वेळ फिरत राहिला, तर बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. अनेक नव्या एसींमध्ये ओली कॉइल वाळावी, बुरशी धरू नये म्हणून तो मुद्दाम चालू ठेवतात. खरी भानगड वेगळी. आत झडप मिटलेली, सगळं सामसूम, आणि बाल्कनीत आउटडोअर मात्र घुमतोच आहे.

साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत हा उद्योग सहसा रिलेचा असतो. पीसीबीवर, म्हणजे एसीला आज्ञा देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर (मेकॅनिकच्या भाषेत 'कार्डा'वर), काडेपेटीहून लहान डबी असते, तीच रिले. तिच्यातलं विद्युतचुंबक एक पट्टी ओढून दोन टोकं जोडतं आणि कॉम्प्रेसरला वीज मिळते. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचतो, त्यामुळे दर वेळी टोकांवर ठिणगी पडते. वर्षानुवर्षं असं झालं की धातू वितळून टोकं एकमेकांना चिकटतात, जणू वेल्डिंगच. मग कार्ड आज्ञा देतं, चुंबक पट्टी सोडतं, पण पट्टी सुटत नाही. कार्डाच्या लेखी मात्र एसी बंद झालेला असतो!

यात नुकसान कॉम्प्रेसरचं. आतला पंखा थांबल्यामुळे कॉइलला गरम हवा मिळत नाही, तिच्यावर बर्फ धरतो, कॉइलमध्ये द्रव रूपात येणारा गॅस पुरता उकळत नाही आणि द्रव रूपातच कॉम्प्रेसरकडे परत येतो. कॉम्प्रेसर वाफ दाबण्यासाठी बनवलेला आहे, द्रव नव्हे. म्हणून रिमोट दाबत न बसता सरळ एमसीबी पाडा. डबीवर टिचकी मारून पट्टी सोडवणारे भेटतात. ती पुन्हा चिकटते. आउटडोअर उघडण्याच्या फंदात तर पडूच नका, वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असू शकतो.

दुसरी तक्रार अधिक दिसते: कॉम्प्रेसर 'कट'च होत नाही. इन्व्हर्टर एसीत ते स्वाभाविक आहे, तो थांबण्याऐवजी वेग कमी करतो. साध्या एसीत मात्र खोली ठरवलेल्या तापमानाला पोहोचली की कॉम्प्रेसर थांबायलाच हवा. थांबत नसेल तर बहुतेकदा एसी खोलीतून जेवढी उष्णता काढतो, तेवढीच आत येते आहे.

दीड टनाचा एसी सुमारे 5.3 किलोवॅट उष्णता उपसतो. हा 'टन' बर्फाच्या काळातला: 24 तासांत एक टन बर्फ वितळताना शोषली जाणारी उष्णता. शांत बसलेला माणूसही साधारण 100 वॅट उष्णता देतो, पण खरा शत्रू डोक्यावर असतो. आमची खोली वरच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. मुंबई-कोकणात त्यात दमटपणाची भर. हवेतलं एक लिटर पाणी कॉइलवर जमवायला सुमारे 0.7 युनिट उष्णता काढावी लागते, आणि त्याने तापमान तसूभरही उतरत नाही. एसीच्या नळीखाली बादली ठेवून पाहा, कष्ट कुठे जातात ते दिसेल.

अशा वेळी रिमोटवर 16 करणं फुकट. साधा कॉम्प्रेसर एकाच वेगाने धावतो. 16 केल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त थांबण्याची रेषा लांब जाते. आधी 26 करा. तासाभरात कट झाला तर यंत्र बहुधा ठीक आहे.

नाहीच झाला तर हवेच्या झोतासमोर हात धरा. झोत मंद असेल तर फिल्टर धुवा. झोत जोरदार पण कोमट असेल तर बाहेरची कॉइल धुळीने भरली असेल किंवा गॅस गळाला असेल. गळाला, संपला नव्हे! बंद नळ्यांत फिरणारा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. गळती न शोधता "दर वर्षी गॅस भरावा लागतो" म्हणणारा मेकॅनिक मला पटत नाही.

आणि झोत थंडगार, अंगावर शाल, तरीही कॉम्प्रेसर चालूच? मग संशय सेन्सरवर. कॉइलपुढे क्लिपमध्ये अडकवलेला तो थर्मिस्टर. थंडी वाढली की त्याचा रोध वाढतो. जुना होऊन तो कमी रोध दाखवू लागला, तर 24 अंशांच्या खोलीत कार्डाला 28 अंश वाटतात. क्लिपमधून निसटून तो गरम हवेत लोंबत असला तरी हेच होतं, आणि तेव्हा एक पैचाही खर्च नसतो. आमच्याकडे दोन मेकॅनिक गॅसबद्दल वाद घालून गेल्यावर तिसऱ्याने तो नुसता जागेवर बसवला.