पार्श्वभूमी : हवाई दलातून डाकोटावर, आणि नागपूरची रात्रटपाल

भारतातल्या नागरी विमानसेवेची सुरुवात १९३२ सालच्या टपालापासून सांगितली जाते. पण पुढच्या पिढीचा पाया १९४६ ते १९५३ या काळात घातला गेला, आणि त्यातला मोठा भार हवाई दलातून आलेल्या वैमानिकांनी उचलला.

युद्ध संपले तेव्हा अमेरिकी लष्कराची दोन इंजिनांची डाकोटा वाहतूक विमाने इथेच पडून होती. ती स्वस्तात विकली गेली आणि बंगळूरच्या कारखान्यात त्यांचे प्रवासी विमानांत रूपांतर झाले. त्याच सुमारास युद्धकाळात भरती झालेले कितीतरी अधिकारी सेवामुक्त होत होते. त्यातले बरेचजण हरिकेन, स्पिटफायर, व्हेंजन्स अशा एकइंजिनी विमानांवर तयार झालेले. दोन इंजिने, शेजारी सहवैमानिक, मागे प्रवासी, शिवाय 'बी' लायसन्सची, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याची, परीक्षा, हे सगळे त्यांना नव्याने शिकावे लागले. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचा पाऊस आणि कच्च्या धावपट्ट्या मात्र त्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैन्य न्यायचे ठरले तेव्हा खासगी कंपन्यांची विमानेही कामाला लागली.

विमाने स्वस्त, वैमानिक तयार. कंपन्या भराभर निघाल्या. परवाना मंडळानेही हात आखडता घेतला नाही. प्रवासी मात्र तेवढे नव्हते. १९५० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने गरजेपेक्षा जास्त कंपन्यांना परवाने दिल्याचा ठपका ठेवला.

खरा वाद रात्रटपालाचा. योजना देखणी होती : दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री विमाने निघायची, मध्यरात्रीनंतर नागपूरला सोनेगावच्या तळावर थैल्यांची अदलाबदल व्हायची, आणि संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी दुसऱ्या महानगरात पोचायचे. दळणवळण मंत्र्यांचा त्यासाठी आग्रह होता. मुंबईच्या सर्वांत अनुभवी कंपनीच्या प्रमुखांनी स्पष्ट विरोध केला. वाटेवरची रेडिओ साधने आणि धावपट्टीवरचे दिवे पुरेसे नाहीत, आधी ती व्यवस्था करा, असे त्यांचे म्हणणे होते. मंत्री थांबले नाहीत. ३० जानेवारी १९४९ रोजी एका नव्या कंपनीने सेवा सुरू केली. ती कंपनी टिकली नाही. काम दुसरीकडे गेले, मग तिसरीकडे.

सेवा चालली म्हणून मंत्र्यांचे बरोबर ठरले, असे आजही बोलले जाते. मला ते पटत नाही. जमिनीवर जे नव्हते ते कॉकपिटमधल्या माणसांनी स्वतःच्या कौशल्याने भरून काढले, आणि ते कौशल्य नागरी खात्याने घडवलेले नव्हते. ते युद्धाने दिले होते. कंपनीप्रमुखांचा आक्षेप योग्यच होता. सेवेचे श्रेय टपाल खात्याला मिळाले, तेही रास्त, पण वैमानिकांचा उल्लेख त्यात फार क्वचित येतो.

१ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या एका सरकारी महामंडळात विलीन झाल्या. ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती. रात्रटपालही महामंडळाकडे आले आणि पुढे त्यावर चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने आली. विलीनीकरणासोबत आठ ठिकाणचे वैमानिक, आठ तऱ्हांच्या सेवाशर्ती आणि कोण कोणाच्या वर हा ज्येष्ठतेचा प्रश्नही नव्या संस्थेच्या वाट्याला आला.