अ‍ॅनोरेक्सिया: ग्रंथी मेली नव्हती, राबत होती

१८६६ मध्ये लंडनच्या डॉ. विल्यम गल यांच्यासमोर सतरा वर्षांची एक मुलगी आली. वजन जेमतेम ३७ किलो, नाडी ५६, पाळी बंद. तरी ती एका जागी स्वस्थ बसत नव्हती. ही चुळबूळ गल यांनी आवर्जून टिपून ठेवली. १८७३ मध्ये त्यांनी या आजारावर, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने स्वतःला उपाशी ठेवण्यावर, निबंध वाचला. पुढे ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ झालं. अर्थ ‘भूक नसणे’. भूक मात्र बहुतेक मुलींना लागत असते, म्हणून हे नाव मला आजही खटकतं.

पुढे वाट चुकली. हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनी १९१४ मध्ये पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली, इतर ग्रंथींना हुकूम देणारी) ग्रंथी नष्ट झालेल्या, खंगून मेलेल्या एका बाईचं शवविच्छेदन मांडलं. मग प्रत्येक हडकुळ्या मुलीची पिट्युटरीच मेली असणार, असं धरून चाललं. कित्येकींना ग्रंथीच्या अर्काची इंजेक्शनं टोचली गेली. १९४९ मध्ये शीहान आणि समर्स यांनी दाखवलं, की पिट्युटरी निकामी झालेले रुग्ण सहसा असे खंगत नाहीत.

रक्तातलं कॉर्टिसॉल नीट मोजता येऊ लागल्यावर तर चित्र उलटच निघालं. १९७० च्या दशकात अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचं रक्त चोवीस तास ठराविक अंतराने तपासलं, तेव्हा हे तणावाचं संप्रेरक कमी नव्हे, चढलेलं आढळलं. ते शरीरातून निघूनही सावकाश जात होतं. उपाशी शरीर मेंदूला साखर पुरवायला स्नायू मोडून खातं, आणि त्या मोडतोडीत कॉर्टिसॉलचा हात असतो. हाडंही त्यात झिजतात. विशीच्या आतल्या मुलीची हाडं म्हातारीसारखी ठिसूळ होतात, याचं एक कारण हे.

कॉर्टिसॉल बनवण्याचा हुकूम पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना देते. पण तिला हुकूम सुटतो कुठून, हे शोधायला साधन मिळालं १९८१ मध्ये: वायली व्हेल यांच्या गटाने मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून (पिट्युटरीच्या वरचा मेंदूचा भाग) सीआरएच हे संप्रेरक वेगळं केलं. हा मेंदूकडून पिट्युटरीला जाणारा निरोप. फिलिप गोल्ड आणि सहकाऱ्यांनी तो रुग्णांना टोचून पाहिला आणि १९८६ मध्ये निष्कर्ष छापले. चढलेलं कॉर्टिसॉल पिट्युटरीला आवरतं, म्हणून ती दबून उत्तर देत होती; ग्रंथी शाबूत होती. जोर वरून, मेंदूतून लागत होता.

वजन भरल्यावर कॉर्टिसॉल उतरलं. पिट्युटरीचं उत्तर मात्र तेव्हाही दबकंच होतं. वजन भरून सहा महिने उलटून गेलेल्या रुग्णांमध्येच ते पूर्ववत दिसलं. मुलगी भरली म्हणून घरचे निर्धास्त होतात, ते नेमके याच महिन्यांत.