ओटीपोटात दुखतंय, पोट फुगतंय: सगळा गॅसच का?

"बाईचं पोट फुगलं, ओटीपोटात दुखलं की तो गॅसच. ओवा-हिंग घ्या, पुरे." हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. ओव्याने बऱ्याचदा बरं वाटतंही, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

पण गर्भाशय, मूत्राशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग एकमेकांना खेटून असतात, म्हणून एकाचं दुखणं दुसऱ्याचं वाटतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, कधी आतड्यावरही वाढते. मग पाळीत शौचाला बसलं की कळ येते. आयबीएस (आतड्याच्या कामात बिघाड होऊन पोट वारंवार दुखण्याचा त्रास), अंडाशयातली गाठ, ओटीपोटातला जंतुसंसर्ग यांतही अशीच लक्षणं दिसू शकतात.

पडताळायचं कसं? भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन-तीन महिने पाळी, दुखणं, शौच, फुगणं टिपा. दुखणं पाळीबरोबर येतं की शौचानंतर बदलतं, ते दिसू लागतं. ती पानं डॉक्टरांना दाखवा. आणि हे मुद्दाम सांगते: सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाहीच, असं ठरत नाही.

शौचातून रक्त, ताप, घटणारं वजन किंवा रोजच फुगलेलं पोट असेल तर नोंदींसाठी थांबू नका. पाळी चुकलेली असताना अचानक जोराची कळ आली, तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.