‘हवामान’ या शब्दापासून तयारी

एमएस्सीच्या विद्यार्थ्याला कार्बन डायऑक्साइडच्या रेणूची कंपनं फळ्यावर मांडता येतात. पण गावच्या सभेत तो ‘हवामान बदल’ म्हणाला की समोरचा शेतकरी आभाळाकडे बघतो. त्यात शेतकऱ्याची चूक नाही. आपल्याकडे उद्याच्या पावसालाही हवामान म्हणतात आणि 30 वर्षांच्या सरासरीलाही. म्हणून लोकांसमोर बोलायची तयारी स्लाइडऐवजी शब्दांपासून सुरू करावी. ‘उद्याची हवा’ आणि ‘30 वर्षांचं हवामान’ असा फरक पहिल्याच मिनिटात सांगावा आणि शेवटपर्यंत पाळावा.

‘सकारात्मक प्रतिसाद’ (पॉझिटिव्ह फीडबॅक, म्हणजे परिणामच मूळ कारणाला आणखी वाढवतो) हा शब्द तर सरळ दिशाभूल करतो, ऐकणाऱ्याला ते काहीतरी चांगलं वाटतं. समुद्रावरचा बर्फ वितळतो, खालचं गडद पाणी उघडं पडतं, ते ऊन जास्त शोषतं आणि आणखी बर्फ वितळतो. याला ‘दुष्टचक्र’ म्हणावं, लगेच कळतं.

समुद्राची पातळी समजवायला दोन सारखे काचेचे पेले पुरतात. एकात पाणी आणि बर्फाचे चार खडे तरंगत ठेवायचे. दुसऱ्यात पाण्याच्या वर डोकावेल असा सपाट माथ्याचा दगड ठेवून त्यावर चार खडे. दोन्हीकडे पातळीशी चिकटपट्टी लावायची. पेनाची खूण बाहेर धरलेल्या दवाने पुसली जाते. पहिल्यात पातळी हलत नाही, दुसऱ्यात चढते. आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ आणि ग्रीनलंडच्या जमिनीवरचा बर्फ यांतला फरक तो हाच. फसतं कुठे? पहिल्या पेल्यात पाणी कमी पडलं तर खडे तळाला टेकतात, म्हणजे तरंगतच नाहीत, आणि तिथेही पातळी वाढते. दगडावरचा खडा घसरून पाण्यात पडला तर वितळण्याआधीच पाणी चढतं. बर्फ वितळायला वेळ लागतो, म्हणून पेले भाषणाच्या सुरुवातीलाच मांडावेत.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा घालून बाटलीत कार्बन डायऑक्साइड भरायचा, बल्ब लावून तापमान बघायचं आणि या वायूमुळे हवा तापते असं दाखवायचं, हा लोकप्रिय प्रयोग मात्र टाळावा. तिथली वाढ मुख्यतः जड वायू वरच्या हवेत नीट मिसळत नाही म्हणून दिसते, उष्णतेची किरणं शोषल्यामुळे नव्हे. श्रोत्यांत भौतिकशास्त्राचे शिक्षक असले तर ते हे दाखवून देतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

सर्वांत जास्त सराव प्रश्नांचा हवा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने गावकरी होऊन अडवायचं, उत्तराला एकच मिनिट. मुंबईत हमखास येणारा प्रश्न: 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, तो हवामान बदलामुळेच का? ‘हो’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. खरं उत्तर थोडं लांब आहे. एका पावसाबद्दल बोलायला त्या पावसाचाच वेगळा अभ्यास लागतो. पण हवा 1 अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 दरम्यान तिपटीने वाढल्याचं नोंदी सांगतात. हे एवढं मिनिटभरात, कागद न बघता सांगता येईपर्यंत विद्यार्थ्याला सभेत उभं करू नये.